चुकांची ऑर्डर

"हे मशीनवर विणलंय," बिर्गित म्हणाली. तिनं कापड खिडकीच्या उजेडात धरलं होतं आणि कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "त्यांना सांग, मला फसवू नका म्हणावं."

सोनबाजी धकाते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी हातातला, आडवा धागा नेणारा धोटा थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनते बाई?"

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. नागपूरच्या एका संस्थेत चार महिन्यांपूर्वी नोकरीला लागले होते. संस्था हातमागाचं कापड परदेशी पाठवायची. तिथे माझं काम एवढंच, की इंग्रजीचं मराठी करायचं आणि मराठीचं इंग्रजी. बिर्गित हे माझं पहिलं परदेशी गिऱ्हाईक. डेन्मार्कमधल्या कुठल्याशा बंदराच्या गावी तिचं कपड्यांचं दुकान होतं, आणि त्यात म्हणे मशीनचा एक धागाही चालत नसे. तिला घेऊन मी पवनीला आले होते. साठीच्या माणसाला त्याच्याच घरात बसून 'फसवू नका' कसं म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मी अर्धंच सांगितलं.

"त्या म्हणतात, अगदी मशीनवर विणल्यासारखं वाटतं."

सोनबाजींचा चेहरा असा खुलला की काय सांगू. खड्ड्यातून ते विशीतल्या गड्यासारखे बाहेर आले. "भागरथे! ऐकलं का? चहा ठेव! अन् दूध जरा जास्त टाक!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, हिले कापड समजते. माह्या बापाले हाच शब्द एका मालगुजारानं म्हटला होता. 'धकाते, हे तं मिलचं वाटते.' बाप मरेपर्यंत सांगत होता."

बिर्गितनं हळूच विचारलं, "हे एवढे खूश का झाले? तुमच्याकडे चोरी पकडली की चहा देतात का?"

मी तिला समजावलं, की कापड याच मागावर, याच हातांनी विणलेलं आहे. तिनं वाकून मागावर अर्धवट विणलेलं कापड पाहिलं, मग हातातलं पाहिलं, मग पुन्हा मागावरचं. शेवटी तिला पटलं, पण आठ्या काही गेल्या नाहीत.

"मला पटलं," ती म्हणाली. "माझ्या गिऱ्हाइकांना कोण पटवणार? आमच्याकडे मशीनचा शर्ट कुणालाही मिळतो. माझ्याकडे येणारी बाई तिप्पट मोजते, ते कुणाचातरी हात लागलाय म्हणून. तो हात तिला दिसायला नको का? इथे थोडं जाड, तिथे थोडं विरळ, एखादी गाठ. एखादी चूक."

"चूक?"

"हो. चांगली, मनापासून केलेली चूक."

तोवर भागरथाकाकू चहा घेऊन आल्या. त्यांच्या अंगावर जांभळी चकचकीत नायलॉनची साडी होती, माझ्या अंगावर पोपटी. हातमागाच्या घरात आम्ही दोघी गिरणीच्या नायलॉनमध्ये आणि ती परदेशी बाई घरी विणलेल्या राखाडी स्वेटरमध्ये. त्या स्वेटरची एक बाही दुसरीपेक्षा दोन बोटं लांब होती. काकूंनी कप देता देता ती बाही चिमटीत धरून पाहिली.

"घरी केलं वाट्टे," त्या मला म्हणाल्या. "काहून? तिकडे दुकानं नाहीत का? बिचारीले कोणी धड स्वेटर घेऊन देत नाही?"

हे मी भाषांतरित केलं नाही. नोकरी करायची होती मला.

बिर्गितनं ठरवलं ते असं. सोनबाजींनी नमुन्याचं दोन मीटर कापड विणायचं, तिला हवं तसं. ती तोवर दुसरीकडची कापडं पाहून शुक्रवारी परत येणार. नमुना आवडला तर दोनशे मीटरची ऑर्डर. आणि नमुना होईपर्यंत मी तिथेच, धकात्यांच्या घरी राहायचं. दोनशे मीटर म्हणजे सोनबाजींना वर्षभराचं काम होतं. त्या गल्लीत एके काळी चाळीस माग होते, आता दोन उरले होते. धोतर नेसणारे एकेक करून वर चालले होते आणि त्यांची मुलं पँटीत होती. माझीही एक अडचण होती. सहा महिन्यांत एक तरी ऑर्डर आणली नाही, तर संस्था मला घरी पाठवणार होती.

ती गेल्यावर मी सोनबाजींसमोर बसले आणि उरलेलं अर्धं सांगितलं.

ते आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, की मी हसत नाहीये.

"म्हंजे, चुकू?"

"थोडंसं काकाजी. मुद्दाम."

"आन् तिले ते आवडन?"

"हो."

त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "मी सात वर्षांचा असताना धागा सुटला की बाप कान पिळे. या कानाची पाळी पाह्य, अजून लांब हाये." कान खरंच लांब होता. "आता म्हातारपणी चुका शिकू?"

भागरथाकाकू चुलीपाशी बसून ऐकत होत्या. त्यांना इतकी मजा वाटली, की भाकरी करपली. "चाळीस वर्षं झाली लग्नाले," त्या म्हणाल्या. "मी सांगत आली, तुमचं चुकलं, तुमचं चुकलं. कधी मानलं नाही. आता साता समुद्रापलीकडून बाई आली, तवा कबूल करा."

"माहं कापडात चुकत नाही," सोनबाजी म्हणाले. "बाकीचं म्हनत असशीन तं म्हन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मागावर बसले. पाय खालच्या पावड्यांवर, उजवा हात धोट्याला. टक-खट, टक-खट, मग एका जागी ते थांबले, डोळे मिटून घेतले आणि एक जाड धागा घातला. औषध गिळावं तसं तोंड केलं. पुन्हा टक-खट. दुपारपर्यंत दोन हात कापड झालं आणि त्यात सहा चुका होत्या. मी आनंदानं पाहायला गेले. पाहता पाहता शंका आली, म्हणून बोटांनी मोजलं. पहिली चूक आणि दुसरी चूक यांत नऊ बोटं. दुसरी आणि तिसरी, नऊ बोटं. तिसरी आणि चौथी, नऊ.

"काकाजी, हे तर डिझाइन झालं!"

त्यांनी खाली वाकून पाहिलं. खरंच दचकले. "मी मोजलं नाही वं. पाय आपोआप मोजते."

मग आम्ही नाना उपाय केले. मी म्हटलं, विणताना माझ्याशी गप्पा मारा. ते तासभर गावातल्या तीन पिढ्यांची भांडणं सांगत राहिले आणि एक धागा इकडचा तिकडे झाला नाही. मी म्हटलं, डावा हात वापरा. दहा मिनिटांत डावा हातही उजव्यासारखा चालू लागला. काकूंनी मुद्दाम पाठीमागे जाऊन पितळी ताट आपटलं. ते म्हणाले, "ताट कायले फोडते?" आणि हात चालूच. संध्याकाळी ते मागावरून उठले तेव्हा मान खाली होती. पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांना एखादं काम जमलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी जेवून ते पडवीत आडवे झाले. मी मागाजवळ गेले.

हे मी काही विचार करून केलं नाही. माझे आजोबा विणकर होते. वडील पोस्टात कारकून झाले आणि आमच्या घरातला माग पाटावरवंट्याच्या मोबदल्यात गेला. मला वाटलं, रक्तात असेल थोडंफार. रक्तात काही नव्हतं. खड्ड्यात पाय सोडले तेव्हाच साडी पावडीत अडकली. धोटा मारला तर तो पलीकडून निघून भिंतीवर जाऊन आदळला. तीन धागे तुटले, ते मी पोरींच्या वेण्या बांधतात तशा गाठी मारून बांधले. काकू दारात उभ्या राहून पदर तोंडात कोंबून हसत होत्या, पण ओरडल्या नाहीत. दोन तासांनी वीतभर कापड झालं होतं. एका बाजूला कणीक मळल्यासारखं घट्ट, दुसऱ्या बाजूला गाळणी. काठ तर रस्ता चुकलेल्या सापासारखा चालला होता.

सोनबाजी उठून आले. बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी लहान मूल गटारात पडलेलं पाहावं तसं काहीतरी होतं.

"ऊठ पोरी," ते म्हणाले. "माग घाबरला असन."

ते कात्री आणायला वळले, आणि तेवढ्यात दारात गाडी थांबली. बिर्गित एक दिवस आधीच परत आली होती.

ती थेट मागापाशी गेली. आधी तिनं सोनबाजींचं मोजून चुकलेलं कापड पाहिलं. म्हणाली, "ही मशीनची चूक आहे." मग तिची नजर पुढच्या वीतभर कापडावर गेली. ती गुडघ्यांवर बसली. त्या गाठींवरून, त्या गाळणीवरून तिनं बोट फिरवलं आणि वर माझ्याकडे पाहिलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"हे! हेच! हे जिवंत आहे. हे कुणी विणलं?"

"काय म्हनते?" सोनबाजींनी विचारलं.

मी दोघांच्या मध्ये उभी. एका वाक्यात सगळं सुटलं असतं. 'यांनीच विणलं' म्हटलं असतं तर ऑर्डर पक्की, नोकरी पक्की. सोनबाजींना मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांना कळणार नव्हतं. मी तोंड उघडलं. पण तिचं बोट कुठं आहे आणि चेहरा कसा आहे, हे पाहायला सोनबाजींना इंग्रजीची गरज नव्हती.

"हे आवडलं तिले?" ते हळूच म्हणाले.

"हो काकाजी."

"तिले सांग, हे या पोरीचं हाये. माहं नाही." मी सांगितलं. "अन् सांग, हे विणलेलं नाही, बिघडवलेलं हाये. फुकट घेऊन जाय म्हना. फक्त माहं नाव नको लावू."

बिर्गितला वाईट वाटलं. ती म्हणाली, "त्यांना राग आलाय का? मला फक्त एवढंच हवंय, की कापडात माणूस दिसावा."

हे मी जसंच्या तसं सांगितलं. सोनबाजी खाली बसले, मी विणलेल्या कापडाजवळ. त्यांनी बोट ठेवलं. "दिसते ना माणूस. इथं हिचा पाय चुकला. इथं धागा तुटला अन् ही घाबरली, पाह्य, पुढचे चार ठोके कसे हलके पडले. इथं भागरथा हसली असन, कारण इथं हिनं रागानं ठोकलं." काकूंनी पदर पुन्हा तोंडाशी नेला. "समदं दिसते. पन मले सांगा, धोतर नेसनाऱ्याले काय करायचं ते? त्याच्या घरी लग्न हाये. माह्या घरी त्या दिवशी भांडन झालं का ताप आला, हे त्यानं अंगावर घेऊन कायले फिरायचं? माहं घरातलं घरात राह्यलं पायजे. कापड साफ गेलं पायजे."

मी ते बिर्गितला सांगत असतानाच काकू बोलल्या. हसणं थांबलं होतं. "बरोबर सांगते हे. आमची यमू गेली, बारा वर्षांची होती. काविळीनं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हे मागावर बसले. त्या महिन्याचं कापड पाहा म्हना, कोनाले ओळखू यायचं नाही. याइलेबी नाही ओळखू येनार."

सोनबाजी उठले, आतल्या खोलीत गेले. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेली धोतरजोडी होती, घड्यांवर पिवळी पडलेली.

काकूंनी ती पाहिली. "हे तं भंडाऱ्याच्या लग्नाचं. गिऱ्हाईक आलंच नाही म्हनत होते तुम्ही."

"आलं होतं," सोनबाजी म्हणाले. "त्याले दुसरं विणून दिलं."

त्यांनी नुकतंच विणलेलं एक धोतर आणि ते पिवळं पडलेलं धोतर शेजारी शेजारी पसरलं. मी वाकून पाहिलं. एक धागा चुकला नव्हता. काठ सरळ रेघ. दोन्ही सारखी, एक जुनं एवढाच फरक.

बिर्गितनं मला विचारलंही नाही, हे काय आहे. तीस वर्षं ती कापडात वावरली होती. तिनं डोळे मिटले आणि एक हात एका धोतरावर, दुसरा दुसऱ्यावर ठेवला. हळूहळू तळवे फिरवले. पिवळ्या धोतरावर, मधोमध एका जागी, तिचा हात थांबला. ती परत मागे आली आणि पुन्हा तिथेच थांबली.

"इथे घट्ट आहे," ती म्हणाली. "इथे जोरात मारलंय. खूप जोरात."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण सोनबाजी तिच्या हाताकडेच पाहत होते. त्यांनी मान हलवली. "हौ," ते म्हणाले. "तिथंच." मग माझ्याकडे न पाहता, जणू मालगुजारालाच सांगावं तसं: "लग्नात कसं देऊ असं?"

काकू खाली बसल्या आणि त्यांनी त्याच जागेवर आपला हात ठेवला. मागावर माझं वेडंवाकडं वीतभर कापड तसंच होतं.

थोड्या वेळानं मी बिर्गितला सगळं सांगितलं, यमूचं, लग्नाचं, विणून दिलेल्या दुसऱ्या जोडीचं. तिनं ऐकून घेतलं आणि स्वेटरच्या लांब बाहीनं नाक पुसलं. मग म्हणाली, "त्यांना येतं तसंच विणायला सांग. वीस मीटर. दोनशे मागवले तर माझं दुकान बुडेल, आणि विकताना मी काय सांगणार तेही मला माहीत नाही. पण वीस मीटर." दाराशी जाऊन परत वळली. "आणि ते वीतभर मात्र मला दे."

सोनबाजींनी ते कापून दिलं. पैसे घेतले नाहीत.

वीस मीटरच्या ऑर्डरवर संस्थेनं मला आणखी सहा महिने दिले. नाराजीनं दिले, पण दिले. मी सोनबाजींचं कापड फेब्रुवारीत स्वतः पॅक करून पाठवलं. जूनमध्ये बिर्गितचं पत्र आलं. ते घेऊन मी रविवारी पवनीला गेले आणि दोघांना वाचून दाखवलं.

तिनं लिहिलं होतं, की सोनबाजींचे वीस मीटर अजून दुकानातच आहेत. येणारी प्रत्येक बाई हातात घेते, म्हणते, 'छान आहे, पण हे मशीनचं दिसतं,' आणि ठेवून देते. त्यातल्या तीन मीटरचा शर्ट तिनं स्वतःसाठी शिवून घेतला आहे आणि रोज तोच घालते. 'ते वीतभर कापड मी काचेत लावलं होतं. पहिल्याच दिवशी एका शाळामास्तरीण बाईनं ते विकत घेतलं. तिला त्याच विणकर बाईचा मोठा रुमाल हवा आहे. तिच्या चार मैत्रिणींनाही. कृपया त्या विणकर बाईला विचार.'

सोनबाजी इतके हसले, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. काकू म्हणाल्या, "थंडीनं डोळे जात असतीन त्याइचे." हसणं ओसरल्यावर सोनबाजींनी डोळे पुसले आणि मागाकडे बोट केलं.

"बस."

"मी?"

"ऑर्डर तुही हाये. मी कायले बसू?"

तेव्हापासून मी दर रविवारी एस.टी.नं पवनीला जाऊ लागले. साडी सोडून सलवार-कमीज घातली, पावडीत अडकू नये म्हणून. ऑर्डर चुकांची होती, पण मास्तर सोनबाजी होते. मी चुकले की ते कान पिळत नसत, नुसतं तिथपर्यंतचं सगळं कापड उसवायला लावत. "पन काकाजी, तिला असंच हवंय," मी म्हणे. "तिले हवं असन," ते म्हणत. "माह्या मागावर नाही." कधी दिवसभरात चार बोटं कापड व्हायचं आणि त्यातली तीन बोटं पुन्हा उसवली जायची. पुढच्या पावसाळ्यात मी नोकरी सोडली. वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पवनीत खोली घेतली.

पाच रुमाल पुरे व्हायला मला दोन वर्षं लागली. काठ सरळ आले होते. मी ते उजेडात धरून स्वतःच चारचारदा पाहिले, मग सोनबाजींना दाखवले. त्यांनी हात फिरवला आणि ते काकूंना म्हणाले, "बांधून दे पोरीले." तोच त्यांचा निकाल.

बिर्गितचं उत्तर दीड महिन्यानं आलं. कापड अतिशय सुंदर आहे, तिनं लिहिलं होतं, पण शाळामास्तरीण बाईंनी घेतलं नाही. मैत्रिणींनीही नाही. काहीतरी घोटाळा झालेला दिसतो. त्यांना ती आधीची विणकर बाई हवी होती. ती कुठे आहे, ते कृपया कळव.

मी पत्राची घडी घातली आणि विचारलं, "काय लिहू काकाजी?"

सोनबाजी धोट्यात दोरा भरत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

"लिहून टाक," ते म्हणाले. "ती शिकली म्हना."